गाडी लांबच्या वाटेला, गोळ्या कुठवर पुरतील?

श्रोतेहो, नमस्कार.

चातुर्मास संपला की आमच्या परळ-लालबागच्या बाजूला प्रवासाचा हंगाम सुरू होतो. निवृत्त जोडपी, जुने मित्र, कधी बहिणी-बहिणी मिळून गाडी काढतात. कुणी नर्मदा परिक्रमेला, कुणी राजस्थानात, कुणी थेट कन्याकुमारीपर्यंत. महिना-दोन महिने घराला कुलूप. गाडीची सर्व्हिसिंग होते, फास्टॅगमध्ये पैसे भरले जातात, चिवड्याचे डबे भरतात. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, माझ्या काउंटरवर घडी घालून मळलेली एक चिठ्ठी येते. "ताई, या सगळ्या गोळ्या दोन महिन्यांच्या द्या. पहाटे निघायचंय."

मी केमिस्ट आहे. दोन महिन्यांच्या गोळ्या त्याच क्षणी दुकानात असतीलच असं नाही, हे एक. पण खरी गोष्ट त्या चिठ्ठीची आहे. औषधांचे जे १९४५ चे नियम आहेत, त्यांनुसार डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने द्यायचं ते लिहिलं असेल तर तेवढंच. घराजवळचा दुकानदार तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो, म्हणून बीपीच्या गोळ्या हसत काढून देतो. जबलपूरच्या दुकानदाराने तुम्हाला ओळखायचं कारण नाही. दीड वर्षापूर्वीची चिठ्ठी बघून तो नाही म्हणाला, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन.

तेव्हा निघण्याआधी दहाएक दिवस डॉक्टरांकडे जाऊन या. नवी तारीख, सही, एकूण किती महिन्यांचं औषध, हे लिहून घ्या. आणि गोळीच्या कंपनीच्या नावाशेजारी मूळ औषधाचं नाव लिहून मागा. संकोच नको. मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच डॉक्टरांना मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलेलं आहे.

हे मूळ नाव मी इतकं का धरून बसले आहे? तुम्ही दादरला घेता तो बीपीच्या गोळीचा ब्रँड नर्मदाकाठच्या दिंडोरीत मिळेल याची खात्री नाही, पण त्यातलं मूळ औषध, टेल्मिसार्टन, बहुतेक ठिकाणी मिळेल. जनऔषधी केंद्रात तर औषध मूळ नावानेच मिळतं, आणि स्वस्त. मात्र नावाच्या शेपटाकडे नीट लक्ष द्या. टेल्मिसार्टन ४० वेगळं. त्याच्यापुढे 'एएम' आलं की आत अॅम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषधही आहे. 'एच' आलं की सहसा लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या पुढचं 'एसआर' म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, ती चुरून घ्यायची नाही. पाकिटाचा रंग सारखा दिसला म्हणून गोळी सारखी नसते. फोनमध्ये चिठ्ठीचा आणि प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवा, आणि तेच फोटो मुंबईत मुलाकडे किंवा सुनेकडेही असू द्या. फोन हरवला तर पाठवायला कुणीतरी हवं.

काही औषधांत मात्र "दुसऱ्या कंपनीचं चालेल" हे वाटेत आपल्या मनाने ठरवू नका. फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, थायरॉइडची गोळी. यांत थोडा फरकही कधी कधी महागात पडतो. ही औषधं मुंबईतूनच पूर्ण मुदतीची घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारात मिळण्याची शक्यता जास्त, किंवा तुमचा केमिस्ट मागवून देईल. पण त्याला चार दिवस द्या हो! वॉर्फरिनवाल्यांनी रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआरची तपासणी वाटेत कोणत्या गावी करायची, तेही आधीच ठरवावं.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही 'शेड्यूल एच-वन' या सरकारच्या कडक नियमांच्या यादीतली औषधं. त्यांची वेगळी वही आम्हाला ठेवावी लागते, डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती दिल्या, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. परगावचा दुकानदार इथे जास्तच सावध असणार. लहान मुलाला अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल, तर ते त्याहून कडक अशा 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. "डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून घेऊ" हा उपाय इथे चालत नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी फोनवरून बऱ्याच नेहमीच्या औषधांची चिठ्ठी मिळण्याची सोय झाली, आणि प्रवासात ती फार कामाला येते. पण शेड्यूल एक्सची औषधं त्यातून वगळलेली आहेत.

आता गाडीत बसू. सगळ्या गोळ्या डिकीतल्या मोठ्या बॅगेत टाकू नका. दोन वाटे करा, एक हाताशी आणि एक सामानात. आठवड्याच्या खणांच्या डबीत आठवड्यापुरत्याच गोळ्या काढा, बाकीच्या पाकिटातच राहू द्या. पाकीट कापताना नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत सांभाळा. आम्हाला औषध ओळखायला तोच लागतो. नुसती पांढरी गोळी दाखवून "हीच द्या" म्हणणाऱ्यांपुढे मी हात जोडते.

जवळचं औषध पार संपल्यावर मग नवीन आणायचं, असं करायचं नसतं. टाकीचा काटा लाल रेषेवर येण्याआधीच आपण पंप शोधतो ना, तसं दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचं मोठं गाव बघा. परिक्रमेच्या वाटेवर भरूच, जबलपूर ही ठिकाणं त्यासाठी बरी. अमरकंटकला पोचल्यावर शोधायला लागलात तर पंचाईत. आणि रविवार, सणवार बघून ठेवा. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी, फिट्सचं औषध, बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड, ही एकदम बंद करायची औषधं नव्हेत. "दोन दिवस नाही घेतली तर काय होतंय" हे त्यांना लागू नाही.

एक गोष्ट बायका सहसा बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. हायवेवर स्वच्छ संडास मिळत नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवीची गोळी टाळायची, हे सर्रास चालतं. मग पाय सुजतात, दम लागतो आणि सगळी सहल दवाखान्यात जाते. त्या गोळीची वेळ बदलून मुक्कामाला पोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. अनेकदा मार्ग निघतो. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

इन्शुलिनवाल्यांना उन्हात उभी असलेली गाडी हा मोठा शत्रू. काचा लावलेल्या गाडीत तापमान बघता बघता पन्नासच्या घरात जातं. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण आतला कागद वाचा, कारण प्रकाराप्रकारात फरक आहे. बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकून द्यायचं. मनाली-लेह रस्त्यावर रात्री तेच होतं, म्हणून तिथे ते अंगाजवळच्या खिशात ठेवायचं. फ्रीज नसलेल्या मुक्कामी मातीच्या ओल्या मडक्यात घट्ट डबी ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही काम करते.

आणि परत आल्यावर? घरच्या ड्रॉवरमध्ये जुन्या ब्रँडच्या गोळ्या असतात, बॅगेत वाटेत घेतलेल्या दुसऱ्या ब्रँडच्या. नावं वेगळी, औषध एकच. आजोबा दोन्ही घेतात, बीपी एकदम खाली येतं आणि उठताना तोल जातो. म्हणून बॅग रिकामी कराल त्या दिवशी दोन्हीकडची पाकिटं आणि चिठ्ठी घेऊन तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये या. दुपारी तीन-चारच्या सुमारास या, तेव्हा आम्हाला जरा वेळ असतो.