उन्हाळ्याचे घरकाम आणि त्यातला आनंद

उपस्थित बंधू-भगिनींनो, जोतिबाची चैत्र यात्रा आटोपली की आपल्या कोल्हापुरात एक निराळी लगबग सुरू होते. गच्चीवर धुतलेल्या चादरी अंथरल्या जातात, मंडईत मिरचीची पोती उघडली जातात, माळ्यावरचा सोऱ्या खाली येतो आणि घरातले कोणी तरी दर तासाला बाहेर येऊन आभाळाकडे पाहू लागते. आज मला याच लगबगीविषयी बोलायचे आहे. तिच्यामुळे चार पैसे वाचतात हे खरेच आहे, परंतु माझे म्हणणे त्याहून थोडे पुढचे आहे. या कामांमध्ये जो आनंद आहे तो काम संपल्यावर हाती येणाऱ्या वस्तूत जितका आहे, तितकाच ऊन, वारा आणि पाऊस यांच्याशी वेळ जुळवून काम करण्यात आहे. बाजारातून पाकीट आणल्यावर वस्तू मिळते. हा दुसरा वाटा मात्र त्या पाकिटातून येत नाही.

आपला उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढणारा नाही. दुपारी पारा अडतीस-एकोणचाळीस अंशांपर्यंत चढतो, पण सूर्य कलला की घाटाकडून वारा सुटतो आणि रात्र सुसह्य होते. एप्रिल सरता सरता वळीव येऊ लागतो. तो बहुतेक वेळा दुपारनंतर येतो आणि येताना धुळीचे लोट घेऊन येतो. त्यामुळे वाळवणाची खरी वेळ सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढीच असते. चैत्रापासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेवढे कडक दिवस मिळतील तेवढ्यातच वर्षाचे काम बसवावे लागते. नंतर जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडू लागते, भाजी महागते, कपडेसुद्धा वाळत नाहीत. त्या दिवसांची बेगमी आज करावयाची असते. ही मुदत निसर्गाने घातलेली आहे आणि ती कोणालाही वाढवून मिळत नाही. म्हणूनच या कामांना एक लय येते.

कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज त्याचे पाणी बदलतात. तिसऱ्या दिवशी त्याला किंचित आंबूस वास येतो आणि दाणा चिमटीत दाबला की आतून दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. मग तो वाटून, फडक्यातून गाळून, रात्रभर न हलवता ठेवावयाचा. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी घट्ट सत्त्व बसलेले असते. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकणे हे पहिले कौशल्य. दुसरे कौशल्य शिजवण्याचे. सत्त्वाच्या अंदाजाने पाणी उकळून त्यात मीठ आणि हिंग टाकतात, आणि एकाने चिकाची धार धरायची व दुसऱ्याने लाकडी उलथण्याने न थांबता घोटायचे, असे दोघांचे काम चालते. काही क्षण ते पातळच राहते. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गव्हातल्या पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, आणि पाहता पाहता ते पांढरे दूध घट्ट, चकचकीत व अर्धपारदर्शक होते. हा बदल डोळ्यांसमोर घडताना पाहणे, हाताला उलथणे अचानक जड लागणे, हा अनुभव प्रत्येक शाळकरी मुलाने एकदा तरी घ्यावा असे मला मनापासून वाटते. पदार्थविज्ञानाचा तो धडा आहे आणि त्या धड्याच्या शेवटी वाटीभर गरम चीक गूळ-तूप घालून खायलाही मिळतो.

चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो. निवला की घट्ट होतो आणि दांडा दाबणाऱ्याचे हात भरून येतात. पहिल्या दिवशी कुरडईला हात लावू नये. वरची बाजू वाळली की ती आपणहून कापड सोडू लागते, मग दुसऱ्या दिवशी उलटावी. पूर्ण वाळलेली कुरडई हाताने मोडली तर कट्‌कन आवाज येतो. ती तळताना फुलते, कारण तिच्यात उरलेल्या थोड्याशा ओलाव्याची तेलात वाफ होते आणि ती वाफ प्रत्येक तारेला आतून फुगवते. गाळल्यावर उरलेल्या चोथ्यात तिखट-मीठ, तीळ घालून त्याच्याही वड्या घालतात. म्हणजे भिजवलेल्या गव्हातले फुकट असे काही जात नाही.

सांडगे, पापड आणि शेवया यांच्याविषयी प्रत्येक घरात जाणकार आहेत, त्यामुळे त्यांचा मी केवळ उल्लेख करते. चटणीविषयी, म्हणजे वर्षभराच्या तिखट मसाल्याविषयी, मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण कोल्हापूरच्या स्वयंपाकाचा वर्षभराचा स्वभाव तिच्यावर ठरतो. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, हा आपला जुना मेळ. ब्याडगी मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते. तिची साल सुरकुतलेली, रंग गडद आणि तिखटपणा मवाळ असतो. कोणती किती घ्यायची हे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे आणि ते तसेच राहावे. मिरची देठ मोडून कडक वाळवावी. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, म्हणून तो उभा चिरून आधी उन्हात वाळवावा आणि मगच तेलात तांबूस तळावा. ही पायरी घाईत उरकली तर चटणीला पावसाळ्यात बुरशी धरते. खोबरे, तीळ, धणे, जिरे, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल हे एकेक करून वेगळे भाजावे, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी आहे. खसखस चुलीवरून उतरवायच्या वेळेला धणे अजून कच्चेच असतात. कांडून आणल्यावर चटणी परातीत पसरून पूर्ण निवू द्यावी, चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरावी, वर हिंगाचे खडे ठेवावेत आणि बरणी अंधारात ठेवावी, कारण मिरचीचा रंग उजेडाने उडतो.

गुळांब्यासाठी गूळ आताच घेऊन ठेवावा, कारण गुऱ्हाळांचा हंगाम संपत आलेला असतो. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने ज्या गुळाचे नाव दूरवर नेले, त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. घेताना फार पिवळाधमक गूळ शोधू नये. तांबूस रंगाचा, चवीला खारट नसलेला गूळ चांगला.

आता परसाकडे वळू. पुष्कळ लोक उन्हाळ्यात बाग टिकत नाही म्हणून कुंड्या रिकाम्या करतात. आपल्या जिल्ह्यात तर उन्हाळी बागेचे सर्वांत मोठे साधन फुकट पडलेले असते, ते म्हणजे उसाचे पाचट. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पोते आणून ते आळ्यांत आणि कुंड्यांत चार बोटे जाडीने पसरले, तर माती तापत नाही आणि ओल कितीतरी अधिक वेळ टिकते. वर्षअखेर ते कुजून खत होते. पाणी सकाळी लवकर द्यावे. दोडका, दुधी, काकडी यांच्या वेलांजवळ भाजलेले पण झिलई नसलेले, झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवावे. माती कोरडी झाली की पाणी आपोआप झिरपते आणि माती ओली असली की थांबते. दोन-तीन दिवस परगावी जाणाऱ्यांसाठी याहून सोपी सोय नाही. मिरची आणि वांग्याचे बी मे महिन्याच्या मध्यास वाफ्यात टाकले म्हणजे पाऊस स्थिरावेपर्यंत रोपे लावणीला येतात. राखी भोपळ्याच्या बिया लाकडाच्या राखेत घोळून ठेवल्या तर किडत नाहीत.

माठाचेही काम हेच, पाणी झिरपण्याचे. बाहेरच्या अंगावर आलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ वारा लागेल अशा जागी, ओल्या वाळूवर ठेवावा आणि साबणाने कधीही घासू नये. त्याची छिद्रे बुजली की तो नुसते भांडे उरतो. वळीव पडून हवा दमट झाली की माठाचे पाणी तितके गार होत नाही, यात माठाचा दोष नसतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात जाऊन, बोटाने टिचकी मारून, खणखणीत वाजणारा माठ मुलांना निवडू द्यावा. त्याच माठाशेजारी आंबिलीचे भांडे असावे. नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून, सकाळी शिजवून, निवल्यावर त्यात आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ घालायचे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाटलीबंद पेयांवर खर्च करण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

घराच्या डागडुजीत मी वाकळेला, म्हणजे गोधडीला, पहिला मान देते. दुपारी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जुनी सुती लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, चारी कडा आधी शिवून घेऊन, टाके काठाकडून आत आत नेत मध्यापर्यंत आणायचे. दोन-तीन जणी चारी बाजूंनी बसल्या तर काम भरभर सरकते. आतल्या थरात नायलॉनचे लुगडे घालू नये. ते सरकते आणि घाम टिपत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या सगळ्या कामांचा भार पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पाठीवर होता, आणि त्या भाराला आनंद म्हणण्याचा अधिकार तो न उचलणाऱ्यांना नाही. ज्या घरात सोऱ्याचा दांडा बापाच्या हातात, चिकाची धार मुलाच्या हातात आणि आभाळावरची नजर आजोबांकडे असते, त्याच घरात ही कामे पुढच्या पिढीत जातील. नोकरी करणाऱ्या बाईने हे सगळेच पदार्थ करावेत अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. घराने मिळून दोनच निवडावेत आणि नीट करावेत.

उरलेल्या दिवसांत गच्चीचीही आठवण ठेवावी. कौलारू घर असेल तर कौले रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी परतून घ्यावीत, म्हणजे २५ मेच्या आत. स्लॅबच्या गच्चीवर चुन्याचा पांढरा हात आताच फिरवला तर खालची खोली दुपारी कमी तापते. पन्हळी आणि पाइप यांतला पालापाचोळा काढून खाली एक पिंप लावावे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर वळीव पडला तर हजार लिटर पाणी उतरते. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी सोडून द्यावे. दुसऱ्या वळवाचे साठवून मिरचीच्या वाफ्याला घालावे, आणि त्याआधी गच्चीवरच्या कुरडया आत आल्या आहेत ना, एवढे पाहावे.