चिमट्याची उंची

मंडळी, नमस्कार. सकाळी सिंहगड करून थेट इथे आलेले बरेच जण दिसताहेत. पाय पसरून बसा, कुणी रागावणार नाही. विषय तुम्हाला ठाऊक आहे: सायकलच्या साध्या चिमट्याच्या जागी शॉकअपचा चिमटा घालायचा तर कोणता चालतो. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग. फोर्क म्हटलं तरी चालेल, पण मी पाना धरायला जिथे शिकलो तिथे चिमटाच म्हणायचे, तेव्हा माझ्या तोंडी तोच येणार.

टेबलावर दोन ठेवलेत. डावीकडचा साधा, पोलादी. उजवीकडचा शॉकअपचा, 100 मिलीमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा. दोघांच्या दांड्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत जाणारा वरचा भाग, सारख्याच जाडीच्या, दोघांत 26 इंची चाक बसतं. दुकानात एवढंच पाहतात आणि म्हणतात, ‘बसेल, घेऊन जा.’ आता दोन्ही शेजारी उभे करतो. एक्सल बसतो त्या खाचा एका रेषेत आहेत. वर बघा. पहिल्या रांगेतल्या ताई, किती फरक वाटतो? चार बोटं? अगदी बरोबर. साधा 395, शॉकअपचा 470. पंच्याहत्तर मिलीमीटर. मला आज जे सांगायचंय ते या चार बोटांत आहे.

हा उजवीकडचा माझ्या भाच्याच्या सायकलीतून निघालाय. तो सासवडला राहतो आणि कोंढव्याला कामाला येतो, म्हणजे रोज बोपदेव घाट. रस्त्याच्या खड्ड्यांनी मनगटं दुखायला लागली, म्हणून त्याने पैसे साठवून हा विकत आणला. दुकानदाराला त्याने दोनदा विचारलं होतं, माझ्या फ्रेमला चालेल ना? ‘शंभर टक्के’ असं उत्तर मिळालं. एका रविवारी आम्ही दोघांनी माझ्या गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून तो बसवला. जुन्या चिमट्यावरची बेअरिंगखालची रिंग, क्राउन रेस, स्क्रू-ड्रायव्हरने चहूबाजूंनी हलके हलके ठोकत काढली, नव्यावर पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवली. ती तळाला टेकते तेव्हा हातोडीचा आवाज बदलतो, बद्दचा टण होतो. तो टण ऐकून पोराचा चेहरा असा फुलला होता!

आठ दिवसांनी फोन. ‘मामा, उतारावर मस्त आहे, पण घाट चढताना पुढचं चाक लोळतंय. सरळ धरूच देत नाही. आणि कंबर धरतेय.’

मी शिंप्याची टेप घेऊन सासवड गाठलं. सायकल भिंतीला टेकवली आणि बघता क्षणीच कळलं. नाक वर करून उभी होती. पुढून चार बोटं उचलली की सगळी फ्रेम मागच्या एक्सलभोवती फिरते. ढोबळ हिशेब असा, की चिमटा 20 मिलीमीटरने वाढला की हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमची ती पुढची नळी, साधारण एक अंश मागे कलते. म्हणजे 71 अंशांची फ्रेम 67 वर आली. माणूस बसल्यावर शॉकअप 20-25 मिलीमीटर दबतो, तो दिलासा धरला तरी 68. अशा सायकलचं हँडल हळू वेगात आपल्याच वजनाने एका बाजूला पडतं. ताशी सहा-सातने घाट चढणाऱ्याला सगळा वेळ तेच सावरत बसावं लागतं. पायडलचा एक्सल तीनेक सेंटीमीटर वर गेला. सीटही कलून मागे गेली, पायडलच्या मानाने चार-पाच सेंटीमीटर. कंबर धरेल नाही तर काय? त्यात साधा चिमटा सव्वा किलोचा आणि हा अडीचचा.

मला राग या गोष्टीचा येतो, की पोराने विचारलं होतं. न विचारता घेतलं असतं तर चूक त्याची म्हटली असती. विचारल्यावर एक टेप लावायला कितीसा वेळ लागतो? चिमटा हा मडगार्डसारखा सुटा भाग नाही. तो फ्रेमचा पुढचा पाय आहे. एक पाय लांब करून माणूस कसा चालेल?

थोडं विषयांतर करतो, कारण घरची काळी सायकल शॉकअपची करता येईल का, असं इथे दर वेळी कुणी तरी विचारतं. त्या सायकलचं चाक 28 गुणिले दीड इंचाचं, रिमचा व्यास 635 मिलीमीटर. आज बाजारात मिळणारे शॉकअप 559, 584 किंवा 622 च्या रिमचे. शिवाय तिचा दांडीब्रेक रिमला आतून धरतो, तो लावायला शॉकअपवर जागाच नाही. आणि गरज कुठे आहे? तिचा चिमटा खाली कसा पुढे वळलाय ते आठवा. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल खड्ड्यातून जाताना तो वाक थरथरतो. तोच तिचा शॉकअप. ज्याने कुणी तो वाक काढला त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

चिमट्याची उंची वाढू द्यायची नाही, हे शर्यतवाल्यांनीही ताडलं होतं. पॅरिस-रुबे या फ्रान्समधल्या शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर जिल्बेर द्युक्लो-लासाल 1992 आणि 1993 ला शॉकअपच्या चिमट्यावर जिंकला. पण तो चिमटा डोंगरी सायकलचा लांबलचक नव्हता, ट्रॅव्हल अगदी बेताचं. फ्रेमचं नाक वर जाऊ न देता…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मग कबूल केलेलं भरभर सांगतो, लिहून घ्या.

सगळ्यात आधी एक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस टेकते तिथपर्यंतची लांबी. नव्या चिमट्याच्या लांबीतून बसल्यावर दबेल तेवढं वजा करा. जुन्यापेक्षा 20 मिलीमीटर जास्त निघाली तर चालवून घेता येतं. त्यापुढे नको. काही फ्रेम शॉकअप गृहीत धरूनच काढलेल्या असतात, त्यांचा साधा चिमटा मुळातच लांब असतो. तिथे काम सोपं.

मग दांडी. जुनी एक इंची, म्हणजे 25.4, असेल तर नवा शॉकअप मिळणं कठीण. 28.6 असेल तर उत्तम. खाली 39.8 पर्यंत रुंदावणारी दांडी सरळ हेड ट्यूबमध्ये जात नाही. आटेवाल्या दांडीचा हेडसेट, म्हणजे दांडीभोवतीची बेअरिंगं, आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, दोन्ही बदलावे लागतील, तो खर्च आधीच धरा. दांडी कापताना स्टेम आणि वॉशर लावून खूण करा, सगळ्यात वरच्या कडेपेक्षा 3 मिलीमीटर खाली. शंका आली तर लांब ठेवा, वॉशर वाढवता येतात.

ब्रेक. आजचे बरेच शॉकअप फक्त डिस्क ब्रेकचे येतात, रिमला धरणाऱ्या व्ही-ब्रेकसाठी लागणाऱ्या खुंट्या नसतात. तुमच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, डिस्कची जागा नसेल तर पुढचा ब्रेकच गेला. एक्सल 9 मिलीमीटरचा की 15 चा, तेही बघा. आणि शेवटी हवा किंवा स्प्रिंग काढून चिमटा पूर्ण दाबा. टायर क्राउनला, म्हणजे चिमट्याचे दोन पाय वर जुळतात त्या जागेला, लागता कामा नये. लागला तर उतारावर चाक जागीच अडेल आणि माणूस हँडलवरून पुढे जाईल. ही तपासणी कृपा करून टाळू नका.

भाच्याचं काय झालं म्हणता? जुन्या बाजारात त्याला 63 मिलीमीटर ट्रॅव्हलचा, खुंट्यांचा एक जुना शॉकअप मिळाला. लांबी 430, तो बसल्यावर 415. सील बदलले, तेल घातलं. आता घाटात चाक लोळत नाही. ती सायकल खाली पार्किंगमध्ये लावलीय, जिन्याजवळची निळी. टेप माझ्या खिशात आहे. ज्यांना आपली मोजून घ्यायचीय त्यांनी खाली चला, चहा तिथेच आणायला सांगू.