मधनं सुरू कर

(दृश्य : गल्ली, वर जाणारी शटर)

सकाळचे साडेनऊ. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. पंचगंगेचं पाणी उसाला चढवणारी कितीतरी ऑइल इंजिनं या गल्ल्यांत खोलली गेली आणि पुन्हा जोडली गेली. आज घोडीवर आहे ते मात्र मोटारीचं इंजिन. 1968 ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क टू. चार सिलिंडर, 1489 सीसी. घडण मूळची ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, म्हणजे बीएमसीची, गाडी बंगालातल्या उत्तरपाड्याची.

बोअर, पिस्टन, क्रँक ही कामं आम्ही पोहोचायच्या आधीच उरकली होती. आम्हाला मिळाला तो हेड, म्हणजे सिलिंडरांच्या डोक्यावरचा भाग, बसवायचा दिवस. खरं सांगायचं तर बघण्यासारखा तोच.

(दृश्य : उलटं ठेवलेलं हेड)

प्लग लावून चारही चेंबरमध्ये रॉकेल ओतलंय. मेस्त्री पोर्टमध्ये बोट फिरवतात. कोरडं. म्हणजे काल पेस्ट लावून हातानं घासलेले आठही वॉल (व्हॉल्व्ह) शिटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, घट्ट बसलेत.

मग सरळपट्टी. आडवी, तिरकी, उलट तिरकी. पट्टीखाली फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, शिरतो का, ते बघायचं. ओतीव लोखंडसुद्धा वर्षानुवर्षं तापून-निवून वाकतं, म्हणून हेडला फेसिंग मारून आणलंय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून नव्या मोटारींची कास्टिंगं बाहेर पडतात. पण एवढ्या जुन्या हेडवरून बोट फिरवून “बास, आता घासू नकोस” म्हणणारा माणूस या गल्लीत भेटतो.

(दृश्य : गॅस्केट, जवळून)

हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बसणाऱ्या गॅस्केटवर वरची बाजू कुठली, पुढची कुठली, हे ठोकलेलं असतं. मेस्त्री तरीही एकेक भोक ब्लॉकशी ताडून बघतात.

आता हेड. दोघांनी धरायचं आणि स्टडवर सरळ उतरवायचं. जरा तिरकं झालं की मध्येच अडकतं. मग आठ पुश रॉड, ऑइलात बुडवून, आपापल्या जागी.

इथं या इंजिनाची एक खोड कळते. पुश रॉडच्या धक्क्यानं वॉल दाबणाऱ्या रॉकरचे ठोकळे ज्या चार नटांनी धरलेत, तेच नट हेडलाही धरतात. म्हणून रॉकर आधी बसवायचा, आवळणं नंतर. पुढं कधी रॉकर काढायची वेळ आली, तर इंजिनातलं पाणी काढून अकराच्या अकरा नट सैल करायचे. घाईत नुसते चारच काढणारे मेकॅनिक कमी नाहीत.

(दृश्य : पोराचा हात, कडेचा नट)

“तिकडनं न्हाई रं लेका! मधनं सुरू कर.”

“व्हय मेस्त्री.”

मधला नट, त्याच्या समोरचा, मग एकेक करत बाहेर. एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं.

(निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त पान्याचा आवाज.)

इथं चुकलं तर गॅस्केट जातं, पाणी ऑइलात उतरतं आणि सगळं पहिल्यापासून.

टॅपेटला, म्हणजे रॉकर आणि वॉलमधल्या फटीला, मेस्त्री नऊचा हिशेब लावतात. आठवा वॉल पूर्ण उघडा असेल तर पहिला सेट करायचा, सहावा उघडा असेल तर तिसरा. बेरीज नऊ. गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर. फिलर ओढताना किंचित धरला पाहिजे. हे ‘किंचित’ पोराला अजून जमत नाही. मेस्त्री त्याचं बोट धरून फिलर ओढून दाखवतात.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. ही तशी नोंदली जाईल, मालकाच्या नावावर.

(दृश्य : स्टार्टर, धूर, मेस्त्रींचा चेहरा)

(दृश्य : दुसरी सकाळ)

इंजिन निवलंय. नट पुन्हा एकदा आवळायचेत. आज पाना पोराकडे आहे, आणि त्यानं हात मधल्या नटावर ठेवलाय. नट आवळले की टॅपेट परत बघावे लागतात, म्हणून वरचं झाकण अजून बाकावरच आहे.