हान बेनिंक: हाताला लागेल ते वाजवणारा माणूस

ड्रमसेट सोडून हे जे गृहस्थ सरळ स्टेजवर फतकल मारून बसलेत आणि पाय पसरून खालच्या फळ्याच वाजवतायत ना, ते जॅझ ड्रमर हान बेनिंक. लोक हसतायत, हसू देत, पण कान देऊन ऐका, एवढ्या धुमाकुळातही लय कुठे सुटत नाहीये.

जन्म १९४२चा, नेदरलँड्समधल्या झानडामचा. वडील ऑर्केस्ट्रात तालवाद्यं वाजवायचे, पण पोराचं पहिलं वाद्य म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची! नंतर वडिलांनी रीतसर ड्रम दिले तरी दिसेल ते बडवून बघायची सवय काही गेली नाही, आणि आम्ही तर म्हणतो तोच त्यांचा खरा रियाज.

आता हा क्लोजअप बघा. हातातल्या काठ्या चालूच आहेत आणि एक पाय उचलून टाच थेट स्नेअरच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या छोट्या ड्रमच्या, पडद्यावर. टाच दाबली की पडदा ताणला जातो, आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो. आपल्याकडे डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढतात, अगदी तसंच. कधीकधी तर सोबत फक्त एक स्नेअर, बास ड्रम नाही की झांजा नाहीत, आणि त्यावर पूर्ण मैफल.

आणि हा माणूस तालेवार लोकांबरोबर वाजवून आलाय बरं का. जून १९६४, नेदरलँड्समधलं हिल्व्हर्सम, समोर अमेरिकन सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फी, पियानोवर मिशा मेंगेलबर्ग आणि ड्रमवर २२ वर्षांचे हान. त्याच महिन्यात डॉल्फी बर्लिनमध्ये वारले. १९६७ला अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स हॉलंडला आले तेव्हाही साथीला हानच, ते रेकॉर्डिंग बाहेर यायला मात्र २०२० उजाडलं.

त्याच १९६७मध्ये हान, मिशा आणि सॅक्सोफोनवादक विलेम ब्रॉयकर यांनी इन्स्टंट कंपोझर्स पूल, म्हणजे आयसीपी, ही संगीतकारांची स्वतःची संस्था काढली. कुठली कंपनी आपल्याला घेईल म्हणून ताटकळत बसायचं नाही, रेकॉर्ड आपणच काढायच्या. हान आर्ट स्कूलमध्ये शिकलेले, म्हणून बरीचशी कव्हरंही त्यांच्याच हातची, ही बघा, अक्षरंसुद्धा हाताने काढलेली. युरोपचा जॅझ अमेरिकेच्या सावलीतून बाहेर आला त्यात या मंडळींचा मोठा वाटा.

२०१७ला मिशा वारले. आयसीपीचा ऑर्केस्ट्रा थांबला नाही, मिशांच्या रचना वाजवत राहिला, ड्रमवर हान.

इथून पुढे आम्ही बोलणार नाही, हेडफोन असतील तर लावा.