दोन कार्ब्युरेटर, एक कान

(अंधारलेलं गॅरेज. किल्ली फिरते. पाच सेकंद फक्त आवाज.)

ही टिकटिक इंजिनाची नाही, मागच्या चाकाजवळच्या पेट्रोल पंपाची आहे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे कार्ब्युरेटर भरले की ती आपोआप थांबते. थांबलीच नाही, तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर टाकी कोरडी.

(दिवा लागतो. बॉनेट उघडं.)

एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडर, १७९८ सीसी. काय बिघडलंय हे सांगणारा संगणक इथे नाही. ते कानाने, नाकाने आणि बोटांनीच शोधायचं.

पाने मात्र इंची मापाचे हवेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, आणि त्या ‘जवळपास’मुळेच नटाच्या कडा झिजतात.

(फट मोजायच्या पात्यांचा, म्हणजे फीलर गेजचा, क्लोजअप.)

गाडी अडखळली की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. पण त्यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी व्हॉल्व्हची फट, मग ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंट्सची, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पॉइंट्समधली फट जेमतेम ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. एवढं बघायच्या आधी नवे कार्ब्युरेटर मागवणं म्हणजे चांगल्या वस्तूला विनाकारण भंगारात काढणं.

(दोन कार्ब्युरेटर, शेजारी शेजारी.)

आता हे दोघं. इंजिनाने जास्त हवा ओढली की कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या छिद्रातून, वर येते, फट वाढते आणि पेट्रोलही तेवढंच वाढतं. पिस्टन झटकन उसळू नये म्हणून त्याच्या दांड्यात थोडं तेल. बस्स, इतकीच यंत्रणा, आणि किती देखणी!

(रबरी नळी कानाला.)

नळीचं एक टोक कानाशी, दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. ऐका. आता मागचा. हा जरा जास्त फुसफुसतोय. दोघांना जोडणारा दांडा सैल केलेला आहे, म्हणून प्रत्येकाचा स्क्रू स्वतंत्र फिरवता येतो. थोडा इकडे. पुन्हा ऐका. थोडा तिकडे.

(दोन्ही आवाज, आलटून पालटून. निवेदन नाही.)

जुळले.

मग मिश्रण. कार्ब्युरेटरच्या खालचा षटकोनी नट एका वेळी एकच कड फिरवायचा. कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याला उचलायच्या छोट्या पिनने अगदी हलकेच, मिलिमीटरभरसुद्धा नाही, उचलून बघायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरलं, तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला, की हात काढून घ्यायचा.

(गंजलेला पत्रा. स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.)

दाराखालची ही पेटी नुसती शोभेची नाही. गाडीला वेगळी चासी नसल्यामुळे भार हिच्यावरच असतो. गंजलेला भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड केली, नाहीतर चौकट वाकते आणि दार पुन्हा बसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून तेही दर दोन वर्षांनी नवं. ते राहिलं तर उतारावर पेडल पोकळ लागू शकतं.

(पहाट. दार उघडतं. चोक ओढलेला. किल्ली.)

टिकटिक. थांबली. आता स्टार्टर.