जुन्या सी कोडमध्ये धरून चाललेल्या गोष्टी

(रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. तुमच्यात दापोली-मंडणगडकडचे कुणी असतील तर त्यांना पुढचे दिवस आठवत असतील. कित्येक गावांत खांब आडवे झाले होते. एवढं वादळ रोज येत नाही, पण मृगाचा पाऊस सुरू झाला की लाईट जाणं आपल्याकडे ठरलेलंच. अशा गावात आंबा बागायतदारांची सोसायटी पेट्यांचा हिशेब संगणकावर ठेवत असेल, तर ‘नोंद झाली’ असं पडद्यावर दिसल्यानंतर ती नोंद डिस्कवर उतरलेलीच असली पाहिजे. हा शब्द पाळणं डेटाबेसचं काम.

आज मी पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मुक्त डेटाबेसच्या सी भाषेतल्या कोडबद्दल बोलणार आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात हे काम सुरू झालं; सुरुवातीचा काही भाग तर लिस्प या भाषेत होता. १९९६ मध्ये आजचं नाव मिळालं. म्हणजे तुमच्या जन्माआधी लिहिलेल्या ओळी त्यात आजही चालताहेत. अशा कोडची देखभाल करताना सर्वांत जास्त वेळ जातो तो आधीच्यांनी न बोलता धरून चाललेल्या गोष्टी शोधण्यात, आणि तो तिथेच जायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

एफसिंकचं उदाहरण घ्या. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मूळ फायली सवडीने. अधूनमधून चेकपॉइंट होतो, म्हणजे साठलेले बदल मूळ फायलींत उतरवले जातात; तेव्हा तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, एफसिंक ही हाक देऊन सांगतो, ‘जे हातात आहे ते डिस्कवर उतरव.’ कर्नलने होकार दिला की लॉगचा जुना भाग काढून टाकता येतो. एफसिंक फसलं तर? तेव्हाचा कोड पुन्हा प्रयत्न करायचा. वाचायला अगदी शहाणपणाचं. पण लिनक्समध्ये लिहिताना चूक झाली की कर्नल ती एकदा कळवायचा आणि न उतरलेली पानंही ‘उतरली’ अशी मानून मोकळा व्हायचा. मग दुसरं एफसिंक यशस्वी! चेकपॉइंट पूर्ण, लॉग साफ, आणि डेटा कुठेच नाही. हे २०१८ मध्ये उजेडात आलं, तोवर ते जवळपास वीस वर्षं कोडमध्ये होतं. ‘फसलं तर पुन्हा विचारता येतं’ हे गृहीतक कुणी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हा चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती गेली: आता एफसिंक फसलं की सर्व्हर स्वतःला बंद पाडतो आणि उठल्यावर लॉग पुन्हा चालवून डेटा उभा करतो. सर्व्हर मुद्दाम पाडणं हाच इथे सुरक्षित मार्ग आहे, हे पटायला मला थोडा वेळ लागला. तुम्हीही तो द्या.

दुसरं गृहीतक दिसायला किरकोळ आहे. जुन्या कोडमध्ये खरं-खोटं साठवणारा ‘बूल’ म्हणजे साधा ‘कॅर’ (अक्षर साठवायचा प्रकार) होता, एक बाइटचा. त्यात २५६ टाका: वरचा बिट कापला जातो आणि शून्य उरतं. म्हणजे एखाद्या फ्लॅगचा नववा बिट चालू आहे का हे तपासून उत्तर थेट बूलमध्ये ठेवलं, तर खरं असूनही ‘खोटं’ हाती येतं. सी९९ मधला, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकातला, बूल असं करत नाही. शून्य नसलेलं सगळं तो १ करतो. मग तो सरळ का घेतला नाही? कारण सिस्टीम कॅटलॉगमधल्या (डेटाबेस स्वतःबद्दलची माहिती ठेवतो त्या तक्त्यांमधल्या) ओळी डिस्कवर जशा असतात तशाच सीच्या स्ट्रक्टवर, म्हणजे ठरलेल्या मांडणीच्या साच्यावर, बसवल्या जातात, आणि तिथे बूल एक बाइटचाच लागतो. भाषेचं मानक तशी हमी देत नाही. म्हणून आवृत्ती ११ मध्ये अट घातली: मानक बूलचा आकार एक बाइट असेल तिथेच तो वापरायचा.

पूर्णांक ओव्हरफ्लोचंही, म्हणजे उत्तर ठरलेल्या जागेत न मावण्याचंही, तसंच. बेरीज करून ‘उत्तर आधीच्यापेक्षा लहान झालं का’ असं पाहणारा कोड नवे कंपायलर खुशाल उडवून टाकतात, कारण चिन्हांकित (अधिक-उणे धरणाऱ्या) पूर्णांकाचा ओव्हरफ्लो सीमध्ये अपरिभाषित आहे, म्हणजे तेव्हा काय व्हावं हे मानक सांगत नाही. पोस्टग्रेस त्यासाठी कंपायलरला वेगळा पर्याय देतो, आणि आवृत्ती ११ पासून तपासून बेरीज करणारी फंक्शन्सही आहेत.

सी९९ सक्तीचं झालं ते आवृत्ती १२ मध्ये, २०१९ साली. मानक आल्यावर वीस वर्षांनी! तरीही चल लांबीचे ॲरे (ज्यांचा आकार कोड चालताना ठरतो) आणि दोन तिरक्या रेघांच्या टिप्पण्या आजही चालत नाहीत. काहींना हा हट्ट वाटतो. मला नाही वाटत. हजारो फायली एकसारख्या वाचता येणं ही मोठी सोय आहे, आणि चल लांबीच्या ॲरेने स्टॅक (फंक्शन्सची मर्यादित तात्पुरती मेमरी) कधी फुटेल ते सांगता येत नाही.

बदल टिकतो की नाही हे बिल्डफार्म, म्हणजे पोस्टग्रेसचा कोड बांधून तपासणाऱ्या यंत्रांचं जाळं, सांगतं. जगभर लोकांनी आपापली यंत्रं त्याला जोडली आहेत, प्रत्येकाला प्राण्याचं नाव आहे. तुमच्या खोलीतला जुना संगणकही त्यात चालेल. वेगळं प्रोसेसर किंवा वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम असेल तर जास्तच उपयोगी.

एका विद्यार्थिनीने विचारलं, हे सगळं रस्ट या नव्या भाषेत का लिहीत नाहीत? एक्स्टेंशन्स, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायचे पूरक भाग, रस्टमध्ये लिहिता येतात, पीजीआरएक्स त्यासाठीच आहे. अडचण सांध्यावर आहे. पोस्टग्रेसमध्ये चूक झाली की ‘लाँगजंप’ने मधली फंक्शन्स ओलांडून थेट वर उडी मारली जाते, आणि त्या वेळी घेतलेली मेमरी तिच्या कॉन्टेक्स्टसोबत (मेमरीच्या गटासोबत) एकदम सोडली जाते. रस्टची सफाई मात्र प्रत्येक फंक्शनमधून बाहेर पडताना होते. उडीत ती राहून जाते. म्हणून पीजीआरएक्स दोन्हींच्या सीमेवर प्रत्येक हाकेला ती उडी अडवतं आणि तिचं रस्टच्या पॅनिकमध्ये, म्हणजे रस्टच्या स्वतःच्या चूक कळवण्याच्या पद्धतीत, रूपांतर करतं. तो भाग उघडून वाचा. पोस्टग्रेसची चूक-हाताळणी काय धरून चालते, हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.