पान पडलं, आता माणूस सांगा

(पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक लिहू पाहणाऱ्या मंडळींसमोर, वडशाकडच्या एका गावाच्या वाचनालयात झालेलं हे भाषण. बोलण्याचा बाज राहू देऊन लिहून काढलं आहे.)

मंडळी, मघाशी आत येताना दारातल्या आजोबांनी माझ्या हातातला टॅरोच्या चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा पाहिला आणि विचारलं, "बाई, पोपट कुठी हाय?"

रास्त प्रश्न. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत आपण सगळ्यांनी तो पोपट पाहिलेला आहे. पिंजऱ्यातून डुलत बाहेर येतो, चोचीनं एक पाकीट ओढतो आणि मालक आपल्याला वर्षभराची साडेसाती वाचून दाखवतो. माझ्याकडे पोपट नाही. उद्या धान किती होईल, पोरीचं लग्न कधी जमेल, हे या पानांना विचारायचं नाही. ज्यांना तेवढंच विचारायचं असेल त्यांनी चहा घेऊन जावं, माझा राग नाही. मी आले आहे ती नाटकातली माणसं कुठून आणायची, एवढंच बोलायला.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. माझ्या पहिल्या नाटकात एक सासू होती. पहिल्या प्रवेशात ओरडत आली आणि शेवटच्या प्रवेशात ओरडत गेली. मला वाटत होतं, काय जबरदस्त पात्र लिहिलं! रात्रीचे दोन वाजले असतील. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घोंगडीतून मान काढून मोठ्यानं म्हणाली, "माय, हे बाई जेवते कवा?" मंडप हसला. स्टेजवरची सासूसुद्धा हसली, आणि मी विंगेत अशी उभी राहिले की प्रॉम्प्टरनं मला पाणी दिलं. घरी येऊन वही उघडली. खरंच, त्या बाईला मी जेवू दिलं नव्हतं. झोपू दिलं नव्हतं. तिचे गुडघे दुखत नव्हते, तिला माहेर नव्हतं. ती बाई नव्हतीच, सासू होती.

असं का होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सीझन जवळ आला की नाटक कंपनीकडून निरोप येतो: हिरो असा पाहिजे, व्हिलन तसा, कॉमेडीला अमुक नट घेतला आहे, त्याला तीन सीन द्या. आपण साचे काढतो आणि ओततो. एका कंपनीनं माझे अर्धे पैसे अजून दिलेले नाहीत. त्या नाटकाबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही, कारण तेही साच्यातलंच होतं. साचा वाईट नसतो. वाईट एवढंच की आपला हात आपोआप तिकडे जातो. आणि सवयीला आडवं घालायला काहीतरी बाहेरचं लागतं, जे आपल्या डोक्यातून आलेलं नाही असं.

मला ते या पानांत सापडलं. पुण्याला नोकरी करणारी माझी भाची दिवाळीला आली, तिच्या पिशवीत हा टॅरोचा गठ्ठा होता. ती मैत्रिणींना भविष्य सांगते. मी चित्रं पाहत बसले आणि पोळ्या करपल्या.

ही पानं आहेत ७८. त्यातली ५६ आपल्या पत्त्यांच्या नात्यातली: चार रंग, प्रत्येकी चौदा पानं. बदाम-इस्पिकऐवजी प्याले, तलवारी, नाणी आणि काठ्या. राजा आणि राणी आहेतच, गुलामाच्या जागी एक पोरसवदा सेवक आणि वर एक घोडेस्वार. उरलेली २२ वेगळी, त्यांतली बहुतेक म्हणजे कायमचे हुकूम समजा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा खेळ म्हणूनच सुरू झाला, डाव टाकून खेळायचा. भविष्याची गोष्ट फार उशिराची. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. पुरावा काही नव्हता, पण लोकांना ते फार आवडलं, आणि त्यानंतर पानं पाहून भाकीत सांगणाऱ्यांचा धंदा बसला.

मला गंमत वाटते ती त्याच्याही आधीच्या एका खेळाची. सोळाव्या शतकात इटलीतले कवी दरबारातल्या, ओळखीतल्या माणसांना एकेक हुकमाचं पान लावायचे आणि त्यावर कविता करायचे. अमकी बाई म्हणजे चंद्र, तमके साहेब म्हणजे उलटे टांगलेले गृहस्थ. म्हणजे माणसाला पान लावून त्याच्याबद्दल लिहिणं हे भविष्यापेक्षा जुनं आहे. आजोबा, ऐकताय ना? पोपट नंतर आला.

आता हा गठ्ठा. १९०९ च्या डिसेंबरात लंडनला निघालेल्या संचाची ही नक्कल. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्याआधीच्या बहुतेक संचांत नुसत्या आकड्यांच्या पानांवर आकड्याइतकी चिन्हं असायची, पाच म्हणजे पाच प्याले, संपलं. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, तिथेही आकड्याच्या पानावर चिन्हंच मोजायची. या बाईंनी मात्र प्रत्येक आकड्याला एक प्रसंग दिला. कुणी रडतंय, कुणी पळतंय, कुणी ओझं घेऊन वाकलंय. बाई नाटकातल्या होत्या. लंडनच्या मोठ्या नाटक मंडळीबरोबर फिरल्या होत्या, पोशाख आणि नेपथ्याची कामं केली होती. बऱ्याच पानांवर माणसांच्या मागे एक आडवी रेघ दिसेल, रंगमंचाच्या कडेसारखी. काम संपल्यावर त्यांनी एका ओळखीच्यांना पत्रात कळवलं की मोठं काम उरकलं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. मघाशी मी कंपनीकडून पूरे पैसे न मिळाल्याचं बोलले, त्या यादीत या बाईंचंही नाव घाला.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका शिबिरात घडलेलं सांगते. विषय दिला होता दोन भाऊ. थोरला गावात धान करतो, धाकटा नागपूरला असतो. शेत दोघांच्या नावावर, पण खरेदी केंद्रावरच्या धानाचा चुकारा जमा होतो धाकट्याच्या खात्यात. तुम्ही हसलात म्हणजे तुमच्याही घरी असं आहे. पहिल्या झटक्यात सगळ्यांनी जे लिहिलं ते ओळखीचंच: थोरला देव, धाकटा राक्षस, आणि राक्षसाची बायको त्याहून राक्षस.

मग पानं ओढली. थोरल्याला आलं नाण्यांचं सत्तं. एक शेतकरी कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून झुडपाकडे बघतोय. झुडपाला सहा नाणी लागलीत, एक पायाशी आहे. सगळे म्हणाले, कष्टाळू. मी म्हटलं, कष्ट कुठे दिसतात? तो तर थांबलाय. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, तो मोजून राह्यला." झालं! आमचा देव मोजायला लागला. वीस वर्षांत आपण किती दिलं, कुणाला दिलं, रोवणीला कोण आलं नाही, आईच्या दवाखान्याला कुणी किती काढले, त्याच्या मनात सगळी वही आहे. अशा माणसाबरोबर जेवायला बसणं सोपं नसतं.

धाकट्याला तलवारींचं सत्तं. छावणीतून एक माणूस चवड्यांवर पळतोय, हातात पाच तलवारी, मान मागे वळलेली. आता तर सगळे टाळ्या पिटायला लागले: चोर, चोर! मी म्हटलं, नीट बघा. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यानं तलवारी मुठीनं धरलेल्या नाहीत, पात्यांना धरल्यात. पळवतोय खरा, पण हात त्याचेच कापत असणार. आणि दोन, मागे दोन तलवारी जमिनीत रोवलेल्या राहिल्यात. का राहिल्या? कुणी म्हणालं उचलल्या गेल्या नाहीत. आशा वर्कर म्हणून काम करणारी एक बाई होती, दिवसभर गप्प होती, ती म्हणाली, "दोन भावासाठी ठेवल्या असतीन ना त्यानं."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. कारण चोरी करतानाही भावाचा वाटा मोजून ठेवणारा धाकटा आम्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. आणि मग लक्षात आलं की दोघंही मोजतात! एक उघड्यावर उभा राहून, दुसरा पळता पळता. बापाकडून आलेली सवय असेल. बाप नाटकात नव्हताच, तो त्या क्षणी आला.

तिसरं पान या दोघांच्या मध्ये आडवं ठेवायचं. नात्यात जे आहे पण दोघं बोलत नाहीत, ते तिथे शोधायचं. आलं प्याल्यांचं छक्कं: जुन्या वाड्याच्या अंगणात एक पोरगा फुलांनी भरलेला प्याला छोट्या मुलीपुढे धरतोय. शिबिरातली मंडळी नाराज झाली. दोन भावांत मुलगी कुठली? मी पान बदलू दिलं नाही. अर्धा तास भांडण झालं, आणि त्यातून निघाली बहीण. लग्न होऊन गेलेली, हक्कसोडपत्रावर सही करून गेलेली, राखीला येणारी आणि काही न मागणारी. चुकाऱ्याच्या भांडणात तिचं नाव कुणी घेत नाही, कारण घेतलं तर दोघांनाही मान खाली घालावी लागेल. तिचा प्रवेश दुसऱ्या अंकात ठेवला. ती येते, आणि पहिल्यांदा विचारते, "जेवले का रे?"

जागेचंही महत्त्व आहे. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर घागर, पानविडा म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठली वस्तू जागची हलली ते पाहून सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाही, गाडगेबाबांच्या मुलखात वाढलेय मी. पण मांडणी म्हणून ते फार हुशारीचं काम आहे. वस्तू तीच, कुठे आहे यावर अर्थ. पात्रांचंही तसंच करा: एका माणसाला दोन पानं द्या. एक, तो गावाला दिसतो ते. दुसरं, बायकोला दिसतो ते. दोन्ही सारखीच निघाली तर त्या माणसाला छोटी भूमिका द्या.

एक पान निघालं की सगळे गप्प होतात. तेरावं, मृत्यू. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा. कुठल्याशा पुस्तकात लिहिलेलं असतं की याचा अर्थ बदल, घाबरू नका. ते पुस्तक घरी ठेवा. चित्र बघा. घोड्याच्या पायाशी राजा आडवा पडलाय, मुकुट गळून गेलाय. एक धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुणी गुडघ्यावर बसून तोंड फिरवते. आणि शेजारी एक लहान मूल, ते सरळ घोड्याकडे बघतंय.

संकट एकच, आणि चार माणसं चार तऱ्हांनी. २०२० च्या ऑगस्टमध्ये गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगा गावांत शिरली, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्यावर माझा एक प्रवेश आहे. छपरावर एक घर बसलंय. आजोबा बोलत नाहीत, त्यांचं जे होतं ते खाली पाण्यात आहे. काका फोनवर तहसीलच्या माणसाला "साहेब, साहेब" करतोय. सून कोठ्याकडे पाठ करून बसली आहे, बैल हंबरतो ते तिला ऐकायचं नाही. आणि पोरगं विचारतं, "आबा, होडी केव्हा येते?" हा प्रवेश मी पान बघत बघत लिहिला. सांगाड्याचं नावही कुठे घेतलं नाही.

अर्थ पाठ करू नका, एवढंच माझं सांगणं. उलटं पान पडलं तर काय, असं विचाराल. पुस्तकवाले उलट्याचा वेगळा अर्थ सांगतात. मी फक्त एवढं विचारते की हा गुण या माणसाला लपवावा लागतो का? बाकी काही नाही. नावडतं पान परत ठेवायची मुभा आहे, पण एका नाटकाला एकदाच. मी एकदा तीनदा बदललं होतं आणि तिसऱ्यांदा तीच सासू येऊन बसली, ओरडत.

गठ्ठा नाही म्हणून अडू नका. कॅलेंडरची चित्रं कापा, लग्नपत्रिकेच्या पाठीवर प्रसंग लिहून चिठ्ठ्या करा: "कुणीतरी वजन उचलून घराकडे चाललंय", "एक बाई डोळ्याला पट्टी बांधून बसलीय". चित्र बरं, कारण चित्रात न सांगितलेलं जास्त असतं, पण चिठ्ठीनंही काम भागतं.

आता चटया टाका आणि गोल बसा. पहिलं पान त्या आजोबांनी ओढायचं, पोपट नाही म्हणून त्यांचा हिरमोड झालाय. पण आधी सगळ्यांनी हात धुऊन या. भाचीचा गठ्ठा आहे, पोह्यांचं तेल लागलं तर ती मला सोडणार नाही.